पक्षाघातानंतरची वर्षे : रुग्णालाही जपा, सांभाळणाऱ्यालाही जपा



घरात कोणाला पक्षाघाताचा झटका आला की पहिला आठवडा सगळा गाव धावून येतो. हॉस्पिटलबाहेर नातेवाइकांची रीघ लागते. कोणी शहाळी आणतो, कोणी डबा पोहोचवतो, कोणी रात्री सोबतीला थांबतो. रविवारच्या मिस्साबलिदानात रुग्णासाठी प्रार्थना होते. काही दिवसांनी डिस्चार्ज मिळतो. "वाचला, देवाची कृपा!" असे म्हणून आपण सारे आपापल्या कामाला लागतो.

त्या घराची खरी परीक्षा मात्र त्या दिवसापासून सुरू होते. सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी त्या घरात काय चालले आहे, हे आपल्यापैकी किती जण पाहतात? रुग्ण खुर्चीत बसून असतो. त्याची पत्नी, सून किंवा मुलगी रात्री तीनदा उठून त्याला कूस बदलून देत असते. तिने शेवटची पूर्ण झोप कधी घेतली, हे तिलाही आठवत नाही. आजच्या पाठात आपण या दोघांचा विचार करणार आहोत. एकाला सावरण्यासाठी दुसऱ्याला खचू द्यायचे नाही, ही या पाठाची शिकवण आहे.

मेंदूत काय घडते?

पक्षाघाताला कोणी लकवा म्हणतो, कोणी अर्धांगवायू. नावात 'वायू' असला तरी वाऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीमुळे बंद पडते किंवा फुटून रक्तस्राव होतो. बहुतेक झटके गुठळीमुळे येतात. ज्या भागाला रक्त मिळत नाही, त्या भागातील पेशी मरतात आणि तो भाग जे काम करीत होता, ते काम थांबते.

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी बाजू. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते. म्हणून ज्याचा उजवा हात-पाय लुळा पडतो, त्याची वाचाही पुष्कळदा जाते.

एकदा झटका आलेल्याला तो पुन्हा येण्याचा धोका असतो. म्हणून लक्षणे घरातील सर्वांना, शाळेत जाणाऱ्या मुलांनाही, तोंडपाठ असावीत. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात वर धरता न येणे, बोलणे अडखळणे किंवा समजेनासे होणे, यांपैकी एक जरी एकाएकी दिसले तरी वेळ पाहून लिहून ठेवा आणि १०८ नंबरवर फोन करा. सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. "थोडे पडून राहू दे, बरे वाटेल" असे म्हणण्यात ते तास निघून जातात. तोंडात पाणी किंवा घरातली गोळी घालू नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रुग्णाला गिळता येत नसेल तर पाणी थेट श्वासनलिकेत जाते.

सुधारणा किती दिवस होते?

"तीन महिन्यांत जे व्हायचे ते होते, पुढे काही होत नाही," असे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. यातले अर्धेच खरे आहे. सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, सहा महिन्यांनंतर वेग मंदावतो. पण मंदावणे म्हणजे थांबणे नव्हे. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा उगवत नाही, तरी शेजारचे भाग सरावाने त्याचे काही काम शिकून घेतात.

अमेरिकेत याची पद्धतशीर पाहणी झाली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांचा तीत समावेश होता. अधू हाताच्या मनगटाची व बोटांची थोडीशी तरी हालचाल ज्यांना करता येत होती, असेच हे रुग्ण होते. त्यांतील एका गटाच्या चांगल्या हाताला दोन आठवडे जाड मोजा घालून ठेवला आणि अधू हाताकडून तासन् तास सराव करून घेतला. त्या हातात झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. हा प्रयोग कोणी घरच्या घरी करू नये, तो तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा लागतो. पण नवव्या महिन्यातही हात शिकू शकतो, एवढे तरी यातून आपण लक्षात ठेवावे.

लुई पाश्चर यांचे नाव आपण शाळेत ऐकले आहे. ऑक्टोबर १८६८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला. त्यांची डावी बाजू लुळी पडली आणि ती पुन्हा कधीच पूर्ण बरी झाली नाही. त्यांची पत्नी मारी त्यांच्या तोंडून ऐकून टिपणे लिहून घेत असे. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांनी रेबीजची लस दिली, ती जुलै १८८५ मध्ये, म्हणजे झटक्यानंतर जवळजवळ १७ वर्षांनी. पाश्चर त्यानंतरही दहा वर्षे जगले.

आपल्या काळातील उदाहरण जिल बोल्ट टेलर या अमेरिकन बाईंचे आहे. त्या स्वतः मेंदूच्या शास्त्रज्ञ. डिसेंबर १९९६ मध्ये, ३७ व्या वर्षी, त्यांच्या मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाला. बोलणे, वाचणे, चालणे सारे गेले. त्यांची आई येऊन राहिली आणि लहान मुलाला शिकवावे तसे तिने लेकीला पुन्हा शिकवले. पूर्ण बरे व्हायला त्यांना आठ वर्षे लागली.

प्रत्येक रुग्ण असा बरा होतो असे नाही. कित्येकांचे अपंगत्व कायम राहते आणि खोटी आशा दाखवणे ही दया नव्हे. पण सहा महिन्यांनी फिजिओथेरपी बंद करून माणसाला भिंतीकडे तोंड करून निजवणे, हेही योग्य नव्हे.

डोळ्यांना न दिसणारा आजार

लुळा हात सर्वांना दिसतो. पक्षाघाताने झालेले पुष्कळ नुकसान मात्र दिसत नाही आणि तिथेच घरात गैरसमज होतात.

वाचा गेलेल्या रुग्णाची बुद्धी गेलेली नसते. त्याला शब्द सापडत नाहीत, एवढेच. त्याच्यासमोर त्याच्याविषयी "यांना आता काही कळत नाही" असे बोलू नका. बोलताना टीव्ही बंद करा, समोर बसा, एका वेळी एकच गोष्ट छोट्या वाक्यात विचारा. 'हो' किंवा 'नाही' एवढ्या उत्तराने भागेल असा प्रश्न असावा. उत्तरासाठी थांबा, घाईने त्याचे वाक्य पुरे करू नका. एक नवल येथे सांगण्यासारखे आहे. ज्याला पाणी मागायला शब्द सुचत नाही, तो पुष्कळदा लहानपणी पाठ केलेली प्रार्थना किंवा गीत इतरांबरोबर म्हणू शकतो. पाठांतर आणि सूर यांची वाट मेंदूत थोडी वेगळी असते. संध्याकाळी घरात जपमाळ होत असेल तर त्याला मधोमध बसवा.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांना डावी बाजू जणू नाहीशीच होते. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो, डावीकडून कोणी हाक मारली तर ते मान वळवत नाहीत. घरचे म्हणतात, "मुद्दाम करतात." मुद्दाम कोणी करीत नाही. काही जणांना कारण नसताना रडू कोसळते, तर कोणाला मयताच्या घरी हसू आवरत नाही. हाही मेंदूच्या इजेचाच परिणाम आहे आणि त्यावर औषध आहे.

थकवा हे आणखी एक लक्षण. आंघोळ करून कपडे घातले की हा माणूस दमून जातो. त्याला आळशी म्हणू नका. महत्त्वाची कामे सकाळी करा आणि मध्ये विश्रांती ठेवा.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते उदासीनतेकडे. पक्षाघात झालेल्या दर तीन रुग्णांपैकी साधारण एकाला नैराश्य येते. जेवण नको, कोणी भेटायला नको, व्यायाम नको, "मला उचलून नेले असते तर बरे झाले असते" असे शब्द तोंडी येऊ लागतात. याला श्रद्धेचा अभाव समजू नका. नैराश्य हा आजार आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि उपचार घ्या. मन उभारी धरते तेव्हाच हातपायही व्यायामाला तयार होतात.

आणि रुग्णाला काही तरी काम द्या. घराचा हिशेब, नातवाचे पाढे ऐकणे, वर्तमानपत्रातील बातमी वाचून दाखवणे, काहीही चालेल. ज्याने तीस वर्षे घर चालवले, त्याला सर्व निर्णयांतून एका दिवसात बाजूला काढले तर त्याच्यापाशी उरले काय?

रोजची काळजी

घरी आल्यावर पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

१. जेवण : रुग्णाला सरळ ताठ बसवूनच भरवा, घास लहान ठेवा आणि जेवणानंतर अर्धा तास बसूनच ठेवा. खाताना ठसका लागत असेल किंवा आवाज ओला, घोगरा येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. अन्न फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो आणि तो जिवावर बेततो.

२. खांदा : उठवताना लुळा हात धरून कधीही ओढू नका. त्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो, तो निखळतो आणि मग महिनोन् महिने दुखतो. उठवण्याची व बसवण्याची योग्य रीत फिजिओथेरपिस्टकडून, डिस्चार्जपूर्वीच, शिकून घ्या. सांभाळणाऱ्याची कंबरही त्यानेच वाचते.

३. त्वचा : स्वतः हलू न शकणाऱ्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदला. माकडहाड, टाचा आणि नितंब रोज पाहा. लालसर डाग ही पाठीच्या जखमेची सुरुवात असते.

४. पडणे : बाथरूममध्ये पकडायला दांडा, रात्री बारीक दिवा, ओली फरशी लगेच पुसणे. या तीन गोष्टींना फार खर्च येत नाही.

५. औषधे : रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. "आता बरे वाटते" म्हणून गोळ्या सोडणाऱ्याला दुसरा झटका येण्याचा धोका असतो. रक्तदाब वाढलेला राहणे हे झटक्याचे सर्वांत मोठे कारण आहे. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ खावे. लोणचे, पापड आणि आपल्या आवडीची सुकी मासळी यांतील मीठही त्यात मोजावे. तंबाखू आणि दारू घरात नको.

६. रामबाण उपाय : कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगतो, कोणी दूरच्या गावी नेऊन पाला पाजायला सांगतो. मेंदूतील इजा कातडीवर चोळून भरून येत नाही. अशा फेऱ्यांत पैसा जातो आणि सुधारणेचे पहिले मोलाचे महिनेही हातचे जातात.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

वरील यादी पुन्हा वाचा आणि विचार करा, ही सहा कामे रोज, वर्षानुवर्षे, बहुधा एकच व्यक्ती करते. स्वयंपाक, मुले, शेतीवाडी किंवा नोकरी ही तिची आधीची कामे संपलेली नसतात. तिला कोणी विचारत नाही, कारण आजारी ती नसते.

अमेरिकेत १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजारी किंवा अपंग जोडीदाराला सांभाळणाऱ्या वृद्धांची चार वर्षे पाहणी करण्यात आली. ज्यांना या सेवेचा ताण जाणवत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका असा भार नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. सांभाळणाऱ्याचा थकवा हा केवळ कुरकुरीचा विषय नाही, हे यावरून कळून येईल.

आपल्या देशातील अभ्यास तर आणखी विचार करायला लावतो. भारतातील १४ हॉस्पिटलांमधील १,२५० रुग्ण त्यात होते आणि २०१७ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे डॉ. जयराज पांडियन यांचा त्यात पुढाकार होता. एका गटातील रुग्णांच्या घरच्या माणसाला हॉस्पिटलात व्यायाम शिकवले आणि नंतर घरी जाऊनही मार्गदर्शन केले. दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. दोहोंकडे सुमारे ४७ टक्के रुग्ण एकतर मरण पावले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते.

याचा अर्थ घरच्यांची सेवा व्यर्थ आहे असा नाही. तिच्याशिवाय रुग्ण जेवणार नाही, स्वच्छ राहणार नाही, जगणार नाही. पण चार दिवस शिकवून सुनेची फिजिओथेरपिस्ट होत नाही. म्हणून शक्य असेल तोवर प्रशिक्षित माणसाची मदत सोडू नये. आणि दुसरे अधिक महत्त्वाचे : रुग्ण सुधारला नाही तर "हिने व्यायाम नीट घेतले नाहीत" असा ठपका तिच्यावर ठेवू नये. इजा किती खोल आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. कित्येक घरांत हा ठपका न बोलता ठेवला जातो आणि ती बाई तो आयुष्यभर वाहते.

सांभाळणारी व्यक्ती थकत चालली आहे हे कसे ओळखावे? तिला झोप लागत नाही, पाठ सतत दुखते, स्वतःच्या गोळ्या घ्यायला ती विसरते, मैत्रिणींकडे जाणे बंद होते, क्षुल्लक कारणावरून ती रुग्णावर ओरडते आणि मग एकटी रडते. ओरडल्याबद्दल तिला दोष देण्याआधी तिला झोपू द्या. "यातून एकदा सुटका व्हावी" असा विचार मनात आला तर ती वाईट बाई ठरत नाही. तो थकलेल्या माणसाचा विचार आहे. तो कोणाजवळ तरी बोलून दाखवता आला पाहिजे.

बाजेचे चार कोपरे

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम येथील पक्षाघाती मनुष्याची कथा आहे. त्याला प्रभू येशूकडे आणणारी माणसे चार होती. दारात गर्दी होती म्हणून ती छपरावर चढली, छप्पर उघडले आणि बाज खाली सोडली. आपण ही कथा अनेकदा ऐकली आहे, पण 'चार' या आकड्यापाशी क्वचितच थांबतो. एकट्याने ती बाज उचलली असती तर अंगणही ओलांडता आले नसते.

आज आपल्या घरांत ती बाज एकाच व्यक्तीच्या हाती असते. बाकीचे तीन कोपरे कोणी धरायचे, हे सर्व भावंडांनी एकत्र बसून ठरवावे. आठवड्यातील एक रात्र एकाने घ्यावी, म्हणजे तिला सलग झोप मिळेल. डॉक्टरांकडे व फिजिओथेरपीला नेणे दुसऱ्याने करावे. औषधे, बिले आणि सरकारी कागदपत्रे तिसऱ्याने पाहावीत. जो परदेशी आहे त्याने पैसे पाठवावेत, पण पैसे पाठवले म्हणजे आपला कोपरा धरून झाला असे समजू नये. रोज ठरलेल्या वेळी फोन करून वहिनीची चौकशी करणे हेही त्याचे काम आहे.

कायमचे अपंगत्व राहिल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी हॉस्पिटलातून तपासणी करून प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळवता येते. सवलती व योजनांसाठी त्याचा उपयोग होतो. हे काम एखाद्या शेजारच्या तरुणानेही करून द्यावे, थकलेल्या बाईला रांगेत उभे करू नये.

आणि आपण, शेजारी आणि धर्मग्रामातील माणसे? भेटायला जाल तेव्हा अर्ध्या तासात चार सल्ले देऊन परतू नका. "वहिनी, मी दोन तास इथे बसतो, तुम्ही जरा बाहेर जाऊन या," असे म्हणा. घरी पवित्र कम्युनियन हवे असल्यास धर्मगुरूंना कळवा. रुग्णांचा तैलाभ्यंग संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही, गंभीर आजारी असलेल्या कोणालाही तो घेता येतो. व्हीलचेअर चर्चच्या दारातून आत येते का, हेही एकदा पाहावे.

कुटुंबात आणि समूहात चर्चेसाठी

१. आपल्या विभागात पक्षाघात झालेली व्यक्ती कोणत्या घरी आहे? तिला सांभाळणारे कोण आहे? त्या व्यक्तीची तब्येत आपण शेवटची केव्हा विचारली?

२. आपल्या घरातील सर्वांना झटक्याची लक्षणे सांगता येतात का? चाळिशीपुढील किती जणांनी गेल्या वर्षभरात रक्तदाब तपासला?

३. आपल्या नात्यात अशा सेवेचा भार एकाच सुनेवर किंवा मुलीवर पडला आहे का? पुढील महिन्याभरासाठी तीन कोपरे कोण धरील? नावे आणि वार आजच कागदावर लिहा.

तो कागद फ्रिजवर किंवा भिंतीवर लावा. महिना संपला की पुन्हा एकत्र बसा, कारण पक्षाघातानंतरची सेवा ही एका महिन्याची नसते.